चाकू घडवण्यासाठी पट्ट्याचे ग्राइंडर : काय घ्यावे, कसे जोडावे

बकरी ईद जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात धार लावणाऱ्याच्या सायकलीभोवती गर्दी होते. सुरे, सुऱ्या, सत्तूर यांचा ढीग पडतो आणि तो बिचारा रात्रीपर्यंत पायडल मारत बसतो. जबीहाच्या जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून हत्यार आधीच धारदार करून ठेवावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांनाच माहीत आहे. परंतु धार ही केवळ शेवटी सानेवर घासून येत नाही. ती पात्याच्या उतारात असते, आणि उतार घडवणे हे वेगळे हुनर आहे. सातारा-सांगलीकडे शिकलगार आडनावाची घरे आहेत. हा शब्द ‘सैकलगर’वरून आला. सैकल म्हणजे जिल्हई, चकाकी. एके काळी तलवारीचे पाते उजळणारी ही माणसे होती.

हल्ली काही तरुणांना स्वतः चाकू बनवण्याचा शौक लागला आहे. माझा भाचा त्यांपैकी एक. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, पण मोटर, पुली आणि पट्टा यांत भिवंडीवाल्यांचा जन्म जातो. त्यामुळे त्याचे यंत्र जोडताना मलाही हात काळे करावे लागले. त्यात जे पैसे वाया गेले ते दुसऱ्याचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

प्रथम, हे यंत्र हवेच कशाला? बाजारात दगडी चाकाचे ग्राइंडर स्वस्त मिळते आणि हातातले अँगल ग्राइंडर तर घरोघरी आहे. त्यांनी लोखंड कापले जाते, पण दगडी चाकाला गोलाई असते, त्यावर सपाट उतार येत नाही, आणि पाते फार तापते. पाणी दिलेले साधे कार्बनचे पोलाद दोनशे अंशांच्या पुढे तापले की आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. निळे झाले म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले. वरून घासून निळा रंग काढता येतो, गेलेला कडकपणा परत येत नाही. पुन्हा भट्टीत घालून पाणी द्यावे लागते. भाच्याचे पहिले पाते असेच गेले. तो म्हणाला, “मामू, रंग किती छान आलाय बघा.” त्याला काय सांगणार!

लांब पट्ट्याला फिरून येताना थंड व्हायला वेळ मिळतो आणि मागे सपाट पाटी असल्याने उतार सरळ येतो. म्हणून चाकू घडवणारे जगभर पट्ट्याचे ग्राइंडर वापरतात.

मापाच्या बाबतीत घोळ घालू नये. हार्डवेअरच्या दुकानात सुतारांसाठी १०० गुणिले ९१५ मिलिमीटर पट्ट्याचे यंत्र दाखवतात. ते लाकडाला उत्तम आहे, पण त्याचा वेग बदलत नाही आणि मोटर दाबाला टिकत नाही. चाकूसाठी ५० मिलिमीटर रुंद व १८३० मिलिमीटर लांब, म्हणजे २ गुणिले ७२ इंचांचा पट्टा हे चलनी माप आहे. चांगल्या प्रतीचे पट्टे याच मापात सर्वांत जास्त प्रकारांत मिळतात. ग्राइंडवेल नॉर्टन, कार्बोरंडम युनिव्हर्सल वगैरे कंपन्यांचा माल ठेवणारे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला आहेत. तयार माप नसेल तर काही दुकानदार मोठ्या रोलमधून कापून, सांधून देतात.

आता मोटर. यंत्राच्या खर्चातला मोठा वाटा मोटर आणि तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह, ज्याला व्हीएफडी म्हणतात, या दोनच वस्तूंचा असतो. त्यामुळे पहिला मोह होतो तो लूमची जुनी मोटर लावण्याचा. आम्हीही लावली. ती एक हॉर्सपॉवरची, मिनिटाला सुमारे ९४० फेरे घेणारी. शंभर मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर ३१४ मिलिमीटर. म्हणजे पट्टा मिनिटाला ३०० मीटरसुद्धा धावेना. एवढ्या वेगात धार लावता येते, पण जाड पट्टीतून पाते काढायला संध्याकाळ होते, आणि जरा दाब दिला की मोटर गुरगुरते. हीच पुली १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ४५० मीटर देते आणि २८८० फेऱ्यांच्या मोटरवर ९०० मीटर, म्हणजे जवळपास ३००० फूट. जाड कामाला हा वेग हवा. माझे मत असे की दोन हॉर्सपॉवर, २८८० फेरे, थ्री फेज आणि पूर्ण बंद अंगाची मोटर घ्यावी. उघड्या जाळीची मोटर फुकट मिळाली तरी घेऊ नये. लोखंडाची भुकटी आत गेली की वाइंडिंग जळते.

घरी सिंगल फेजच आहे, मग थ्री फेज मोटर कशी चालेल, असे वाचक विचारतील. ते काम ड्राइव्ह करतो. तो २३० व्होल्टची सिंगल फेज घेतो आणि तेवढ्याच व्होल्टची थ्री फेज देतो. मात्र येथे एक खोच आहे आणि इथेच बहुतेक लोक फसतात. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तशीच मोटर या ड्राइव्हवर लावली तर ती फिरते, पण तिच्यात जीव नसतो. पात्याने दाबले की थांबते, आणि माणूस ड्राइव्हला शिव्या देतो. ती डेल्टामध्ये बदलावी लागते. मोटरच्या डब्यात सहा टोके असतील तर तीन पट्ट्या फिरवण्याचे काम. परंतु पुष्कळ मोटरींत तीनच टोके बाहेर असतात आणि स्टारची गाठ आत बांधलेली असते. तेव्हा विकत घेण्यापूर्वी डब्याचे झाकण उघडून टोके मोजा आणि पाटीवर डेल्टासाठी २३० किंवा २४० व्होल्ट लिहिले आहे का ते वाचा. आम्ही न पाहता घेतली. वाइंडिंगवाल्याकडे सहा टोके काढून घ्यावी लागली, त्यात आठ दिवस आणि वेगळे पैसे गेले. कंडेन्सरवाली सिंगल फेज मोटर ड्राइव्हवर चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

दोन हॉर्सपॉवरच्या ड्राइव्हसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि पक्की अर्थिंग हवी. ड्राइव्ह बंद पेटीत, ठिणग्यांच्या वाटेपासून दूर आणि उंच लावावा. कारखान्यात थ्री फेज असेल तर ४१५ व्होल्टचा ड्राइव्ह घेऊन मोटर स्टारमध्येच ठेवता येते. फक्त यंत्रमागाच्या सवलतीच्या मीटरवर हे काम करू नये, उगाच कटकट ओढवते.

चाकांविषयी आमच्या जुन्या लोकांना सांगायला नको. पूर्वी एका लांब शाफ्टवर सपाट पट्ट्यांनी अनेक माग चालत. त्या पुल्या मधोमध थोड्या फुगीर असत, कारण फिरणारा पट्टा उंचवट्याकडे चढतो आणि तिथेच राहतो. तोच नियम इथे. वरचे चाक, ज्याने पट्टा जागेवर ठेवायचा, ते मधोमध सुमारे एक मिलिमीटर फुगीर खरादून घ्यावे. मोटरवरचे चाक किंचित फुगीर, आणि पाटीच्या वर-खाली असलेली दोन लहान चाके सपाट. ॲल्युमिनियमची चाके हलकी पडतात. मोटरच्या चाकाचे भोक शाफ्टच्या मापाचे, दोन हॉर्सपॉवरला बहुधा २४ मिलिमीटर, आणि चावीची खाच कापलेली हवी. टर्नरला मोटर नेऊन दाखवा, तोंडी माप सांगू नका. भोक अर्धा मिलिमीटर बाजूला गेले तर चाक लंगडते आणि तो धक्का प्रत्येक फेरीला पात्यावर उमटतो. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घ्यावे.

सांगाडा कोणताही चांगला वेल्डर करील. जाड चौकोनी पाइपचे पाऊल, त्यावर उभा खांब, खांबातून स्प्रिंगवर वर-खाली होणारा दांडा. पट्टा ताणण्याचे काम ती स्प्रिंग करते. दांड्याच्या टोकाला बिजागरीवर वरचे चाक, आणि त्याला कलवणारा एक बोल्ट. पाटीचा हात वेगळ्या पाइपमध्ये सरकता ठेवावा, म्हणजे पुढे त्याच जागी दोन-अडीचशे मिलिमीटरचे रबरी चाक लावून खोलगट उतार काढता येईल. पाटी दहा मिलिमीटर जाड, सपाट केलेली. घासून तिला खळगा पडतो, तेव्हा ती बोल्टने बसवावी, वेल्ड करू नये.

वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा ओढला जातो. म्हणून आधी सर्व टाके मारून घ्यावेत, चाके बसवावीत, एका बाजूने ताणलेला दोरा लावून सर्व चाकांच्या कडा एका रेषेत आल्या का पाहावे, मगच पूर्ण वेल्ड. आम्ही उलट केले आणि पट्टा दर वेळी उजवीकडे पळायचा. दोन दिवस बोल्ट फिरवत बसलो. दोष बोल्टचा नव्हताच, खांब तिरका होता.

पहिल्यांदा सुरू करताना पट्टा हाताने फिरवून मध्यावर आणावा, मग ड्राइव्ह १० हर्ट्झवर ठेवून चालू करावा आणि स्वतः पट्ट्याच्या रेषेत उभे राहू नये. पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेने हवा, नाही तर सांधा उघडतो. पाटीवर पट्टा वरून खाली धावला पाहिजे. मोटर उलटी फिरली तर मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन बदला, अर्थात वीज बंद करून. हातमोजे घालून काम करू नये. पट्ट्याने मोजा ओढला तर बोटही सोबत जाते.

पट्टे तीन जातींचे घ्यावेत. जाड कामाला ३६ किंवा ६० नंबरचा सिरॅमिक. तो महाग, पण वेग आणि दाब दिला तर पैसे वसूल करतो. हळू चालवला तर नुसता गुळगुळीत होऊन बसतो. मग १२० आणि २२०, आणि शेवटी ४०० नंबरचा मऊ कापडी पाठीचा. बोथट पट्टा काटकसर म्हणून चालवत राहणे हे पाते जाळण्याचे मुख्य कारण आहे. पाणी देण्यापूर्वी धारेच्या कडेला निदान अर्धा मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवावी, फार पातळ कडा भट्टीतून वाकडी निघते किंवा तडकते. पाणी दिल्यानंतर वेग निम्म्याहून कमी, हात उघडे, आणि बाजूला पाण्याची बादली. बोटाला चटका बसण्याआधी पाते पाण्यात गेले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी लिहीत आहे, कारण ती आमच्याच गावांची आहे. आम्ही यंत्र सुरुवातीला लूमच्या शेडच्या कोपऱ्यात ठेवले होते. जागा होती, वीज होती. एका संध्याकाळी काम संपवून दार लावले. इशाच्या नमाजानंतर वॉचमनला जळका वास आला. छताच्या कैचीवर साचलेल्या कापसाच्या बारीक रोव्यात एक ठिणगी तासभर धुमसत होती. खाली तागे होते. अल्लाहच्या कृपेने एक ताडपत्रीच जळाली. त्यानंतर यंत्र पत्र्याच्या वेगळ्या खोलीत गेले, पट्ट्याखाली पाण्याने भरलेली लोखंडी बादली आली, आणि काम थांबल्यावर अर्धा तास तिथेच बसण्याचा नियम झाला. लाकडी मुठीचा भुसा किंवा ॲल्युमिनियमची भुकटी लोखंडाच्या ठिणग्यांबरोबर एकाच डब्यात कधीही जमू देऊ नये. तोंडाला रुमाल पुरत नाही. २०२० पासून एन-९५ मास्क सर्वांच्या ओळखीचा झालाच आहे, निदान तो तरी, आणि रोज काम करणाऱ्याने काडतुसाचा मास्क घ्यावा. कापसाच्या धुळीने खोकणारी माणसे आपण घरोघरी पाहिली आहेत.

विक्रीचा विचार असणाऱ्यांसाठी एवढे सांगतो : शस्त्रास्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रात मोडतात, घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळून. स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि कसाबाचे सुरे ही कामाची अवजारे आहेत, तरी प्रत्येक नगाचे बिल फाडावे, बिलावर उपयोग लिहावा, आणि शौक म्हणून खंजीर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवावे. भाचा सध्या फक्त मोहल्ल्यातल्या कसाबांचे सुरे करतो, तेही ओळखीच्यांचेच.