शाळेची धास्ती आणि तपासणीची वाट

सकाळी पोदेराचा भोंपू वाजून जातो, पेज-पाव आटोपते आणि गावातील मुले दप्तरे सावरीत शाळेच्या वाटेला लागतात. अशा वेळी पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या घरात मात्र निराळाच प्रकार चाललेला असतो. मुलगा अंथरूण सोडीत नाही. सोडले तर पोट दुखते म्हणतो. गणवेश अंगावर चढविताच अंग ताठ करतो, रडतो, कधी ओकतोही. पुढे नऊ वाजून जातात, शाळेची वेळ टळते आणि तोच मुलगा हळूहळू शांत होऊन आपल्या खेळात रमतो. शेजारी म्हणतात, हे ढोंग आहे. आजीला वाटते, दृष्ट लागली. वडिलांना वाटते, एकदा धाक दाखविलाच पाहिजे. आणि आईला वाटते, आजचा दिवस राहू द्यावा.

ह्या चौघांच्या मतभेदात पुष्कळदा आणखी एका गोष्टीची भर पडलेली असते. मूल बोलायला उशिरा लागले, समवयस्कांत मिसळत नाही, ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की बिथरते, हे पाहून डॉक्टरांनी स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शंका व्यक्त केलेली असते. तपासणी करून घ्या, असे ते सांगतात. परंतु तज्ज्ञ थोडे, मुले पुष्कळ. त्यामुळे तपासणीची तारीख लांबची मिळते. त्या तारखेपर्यंत पालकांनी काय करावे? हातावर हात ठेवून बसावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तपासणीतून मुलाच्या स्वभावाचे नाव कळेल. परंतु मुलाची भीती त्या नावासाठी थांबलेली नाही आणि म्हणून मदतीनेही थांबता कामा नये.

प्रथम ही भीती म्हणजे काय ते पाहू. शाळा चुकवून हिंडणारा मुलगा आणि शाळेला भिणारा मुलगा हे दोन वेगळे. पहिला घरच्यांना चोरून आंब्याच्या झाडावर चढतो. दुसरा घरातच, आईच्या डोळ्यांसमोर राहू पाहतो. हा भेद ब्रॉडविन ह्या लेखकाने १९३२ साली नोंदविला, आणि १९४१ साली ॲडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या भयाचे सविस्तर वर्णन केले. अशा मुलाचे पोट खरोखरच दुखते. भीतीने शरीर सावध होते, छाती धडधडते, आतड्यांचे नेहमीचे काम बिघडते आणि मळमळ सुटते. धोका टळला की शरीर पूर्वस्थितीवर येते. म्हणून रविवारी दुखणे नसते आणि सोमवारी असते. त्यात लबाडी नाही. तरीही पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांचीच घ्यावी. जंत, बद्धकोष्ठ, डोळ्यांचा दोष, कानांचा दोष ह्यांपैकी काही नाही, याची खात्री करून घेणे केव्हाही हिताचे. विशेषतः श्रवणाची परीक्षा राहून गेली असेल, तर ती आधी उरकावी.

आता स्वमग्नतेचा आणि ह्या भीतीचा संबंध. १९४३ साली अमेरिकेतील लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकटेपणाची ओढ आणि सर्व काही जसेच्या तसे राहावे हा हट्ट, ह्या दोन गोष्टी त्यांना त्या मुलांत ठळक दिसल्या. पुढे कित्येक वर्षे दोष आईच्या मायेच्या अभावाला दिला गेला. ते मत आज पूर्णपणे टाकून दिलेले आहे. ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. लाडाने वा रागाने ती उद्भवत नाही. अशा मुलाला सामान्य शाळेचा दिवस कसा भासत असेल याची कल्पना करावी. प्रार्थनेची रांग, घंटेचा कर्कश नाद, बाकांची ओढाताण, मधल्या सुटीतला गलका, शौचालयातील वास, अचानक रजेवर गेलेल्या बाई! इतर मुले जे सहज झटकून टाकतात, ते ह्याच्या अंगावर येते. चवथीच्या आरतीत घुमट आणि कासाळे वाजू लागताच जो मुलगा कानांवर हात ठेवून माजघरात पळतो, शिगम्याच्या ढोल-ताशांना जो घाबरतो, त्याला वर्गातील गोंगाटही तितकाच जाचत असला तर नवल नाही.

याहून फसवी गोष्ट दुसरी आहे. काही मुले शाळेत अगदी शहाण्यासारखी बसतात. दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच फुटतात. दप्तर फेकतात, भावंडाला मारतात, तासभर रडतात. शाळा म्हणते, आमच्याकडे काहीच तक्रार नाही. म्हणून सारा दोष घराच्या माथी येतो. वास्तविक घर ही त्या मुलाची निर्धास्त होण्याची जागा असते. आवरून धरलेले तेथेच सुटते. हे आईने जाणले तर तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरेल.

तपासणीविषयीही एक गैरसमज आहे. रक्ताच्या परीक्षेने किंवा यंत्राखाली मेंदूचे चित्र काढून स्वमग्नता ठरत नाही. ती ठरते पालकांशी बोलून आणि मुलाला न्याहाळून. आपल्या देशात यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली मोजपट्टी २००९ साली प्रचारात आली. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ असे गुण दिले जातात. मूल नजरेला नजर देते काय, हाकेला ओ देते काय, तेच तेच शब्द उच्चारते काय, आवाजाने अस्वस्थ होते काय, अशा ह्या बाबी आहेत. म्हणजे बांबोळीच्या मनोविकार संस्थेत असो वा अन्यत्र, तज्ज्ञांसमोर मूल तास-दोन तास असते. आणि त्याचे उरलेले सारे आयुष्य पालकांनाच सांगावे लागते.

यासाठी वाट पाहण्याच्या दिवसांत एक वही घालावी. मूल केव्हा बसले, चालले, पहिला शब्द केव्हा बोलले. कशाने बिथरते, कशाने निवते. शाळेचा कोणता वार अधिक जड जातो. हे तारखेनिशी लिहावे. घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी किंवा इंग्रजी, हा प्रकार गोव्यात घरोघरी आहे. मूल कोणत्या भाषेत अधिक मोकळे होते, हेही त्या वहीत यावे आणि तज्ज्ञांना आवर्जून सांगावे. नाहीतर नव्या भाषेतील संकोच आणि स्वभावातील अबोलपणा यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी आणि तेथून बांबोळी असा बसचा प्रवास करून गेल्यावर ऐन वेळी निम्मे आठवत नाही. वही मात्र विसरत नाही.

ही अडचण एखाददुसऱ्या घराची आहे असेही नाही. देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा हे एक होते; पेडणे आणि डिचोली हे तालुके याच जिल्ह्यातले. दृष्टी, श्रवण, वाचा, शिकणे, स्वमग्नता अशा विकासातील अडचणींपैकी निदान एक अडचण असलेल्या मुलांचे प्रमाण सहा ते नऊ वर्षांच्या वयोगटात शेकडा १३.६ इतके भरले. स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आढळले. म्हणजे मोठ्या हायस्कुलात अशी काही मुले असणारच.

गोव्यातील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्वमग्न मुलाचे घर आरंभी समाजातून अंग काढून घेते, लग्नकार्याला जाणे टाळते. शिक्षक, वैद्यक आणि धर्मस्थाने यांच्याकडे जावे तर तेथेही ह्या घरांच्या गरजांची जाण थोडी, असे त्यात दिसून आले. मात्र हेच पालक पुढे एकमेकांच्या आधाराने पुन्हा समाजात मिसळतात, हेही त्यात नमूद आहे.

त्यानंतरची गोष्ट अधिक आशा देणारी आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांसह एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ स्वमग्न मुले त्यात होती. शिकवून तयार केलेले साधे आरोग्यसेवक, डॉक्टर नव्हेत, पालकांना बारा वेळा भेटत. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करावयाचे आणि तेच तिच्याबरोबर बसून पाहावयाचे, अशी ती रीत. मूल कोठे पाहत होते, काय सुचवीत होते, त्याला उत्तर केव्हा मिळाले, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. परिणामी पालक मुलाच्या कलाने अधिक चालू लागले आणि मुले आपण होऊन अधिक संवाद करू लागली. ह्या प्रयोगाने स्वमग्नता नाहीशी झाली नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. परंतु पालकांचे शहाणे लक्ष हे साधन किती मोलाचे आहे, हे त्यातून दिसले. आणि हे साधन तपासणीच्या तारखेआधीही घरात असतेच.

ते शाळेच्या धास्तीवर कसे वापरावे? आधी भीतीचा नेमका ठाव घ्यावा. ‘शाळेत का जात नाहीस?’ ह्या प्रश्नाला लहान मूल उत्तर देऊ शकत नाही. त्यापेक्षा दिवसाचे तुकडे पाडावेत. बस, फाटक, प्रार्थना, पहिला तास, मधली सुटी, शौचालय, घरी येणे, अशी चित्रे काढावीत आणि कोणते बरे, कोणते वाईट, हे बोटाने दाखवावयास सांगावे. पुष्कळदा सारी शाळा नव्हे, तर त्यातील एकच गोष्ट सलत असते. आदल्या रात्री उद्याचा क्रम त्याच चित्रांनी सांगावा. बदल होणार असेल तर तोही सांगावा.

धाक आणि सूट, ही दोन्ही टोके टाळावीत. फरफटत नेल्याने भीती दुणावते. पण रोज घरी ठेवल्याने तात्पुरते हायसे वाटते आणि दुसऱ्या दिवशीचा उंबरठा अधिक उंच होतो. मधला मार्ग पायऱ्यांचा आहे. ‘तुला भीती वाटते हे मला कळते. आज आपण फाटकापर्यंतच जाऊ, तेथे बाई भेटतील,’ असे म्हणावे आणि खरोखर तेवढेच करावे. मग एक तास, मग मधल्या सुटीपर्यंत. दिलेला शब्द मोडू नये. मूल पाहत नाही असे बघून गुपचूप निघून जाऊ नये. डॉक्टर, पोलीस किंवा बाई यांचा बागुलबुवा दाखवू नये. घरी राहण्याचा दिवस आलाच, तर तो शिक्षेचा नसावा तसा जत्रेचाही नसावा; थोडे वाचन, थोडे घरकाम, वेळेवर जेवण, असा साधा असावा.

शाळेला भेटताना तक्रारीच्या सुरात जाऊ नये. गावच्या प्राथमिक शाळेत पुष्कळदा मुले थोडी असतात, आणि तो शांतपणा अशा मुलाला मानवतो. खरी कसोटी लागते ती चौथी संपल्यावर. ओळखीची छोटी शाळा सुटते आणि पाचवीला हायस्कुलात मोठे वर्ग, तासातासाला बदलणारे शिक्षक आणि बसचा प्रवास हे सारे एकदम समोर येते. म्हणून सुटीत मुलाला रिकामी शाळा दाखवून आणावी. फाटकात एका ठरलेल्या शिक्षकाने भेटावे, कडेची जागा मिळावी, असह्य झाल्यास पाच मिनिटे बाहेर बसण्याची मुभा असावी, स्नेहसंमेलनाची पूर्वसूचना मिळावी, एवढेच मागावे. त्याला खर्च नाही आणि दाखलाही लागत नाही. कायदाही पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे मना केले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश २१ प्रकारांत केला असून मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांच्या गरजेप्रमाणे सोय करावी असे म्हटले आहे.

तपासणीची तारीख लांब असली तरी मधल्या काळात विचारावयास जागा आहेत. पेडणे किंवा डिचोली येथील सरकारी आरोग्य केंद्रात, तसेच २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा, मुलाची गोष्ट सांगावी. मनावरचा ताण फारच वाढल्यास १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक पालकांसाठीही खुला आहे. मूल स्वतःला इजा करू लागले, जेवण किंवा झोप सुटली, आलेली भाषा हरपू लागली, तर मात्र तारखेची वाट पाहू नये. ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.

घरातील वडीलधाऱ्यांना दूर लोटण्याचे कारण नाही. देवाला गाऱ्हाणे घालावे. त्याने घराला धीर येतो. मात्र कौल मिळाला म्हणून तपासणी रद्द करू नये आणि मुलाला बाधा झाली असे कोणी म्हटल्यास त्याला मार वा धूर सोसावयास लावू नये. आजीच्या शेजारी बसून मुलाला दहा मिनिटे स्वस्थता लाभत असेल, तर तीही मदतच आहे. आईवडिलांनी सकाळचे काम वाटून घ्यावे. रोज एकाच्याच अंगावर झुंज येऊ नये.

शेवटी तपासणी होईल. उत्तर स्वमग्नता असे येईल, किंवा दुसरेच काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. तिन्ही परिस्थितींत मधल्या महिन्यांत केलेले काम वाया जात नाही. वहीतील नोंदी तज्ज्ञांना वाट दाखवितात, चढलेल्या पायऱ्या मुलाच्या पायाखाली राहतात, आणि आपण घाबरलो तेव्हा घरच्यांनी आपल्याला खोटे पाडले नाही, हे मुलाच्या मनात टिकून राहते. पुढच्या सगळ्या उपचारांना आधार लागतो तो ह्याच विश्वासाचा.