विषाणू, कॅन्सर आणि आपला कुत्रा

कुत्र्याला अंघोळ घालताना हाताला गाठ लागते आणि घरातलं बोलणं थांबतं. पशुवैद्य सुईने नमुना घेतात, काही दिवसांनी अहवाल येतो आणि त्यात नको असलेला शब्द असतो. त्या रात्री घरातलं कुणीतरी मोबाईलवर उपाय शोधत बसतं. तिथे एक ओळ भेटते : विषाणू टोचून कुत्र्याचा कॅन्सर बरा. एकाला त्या ओळीत आशेचा किरण दिसतो, तर दुसऱ्याच्या अंगावर काटा येतो. या उपचारात दम आहे आणि त्याला मर्यादाही आहेत. मुक्या जिवाचा निर्णय आपण घेणार असतो, म्हणून दोन्ही बाजू नीट माहीत असायला हव्यात.

गैरसमज १ : विषाणू टोचणं म्हणजे कुत्र्याला मुद्दाम आजारी पाडणं.

वस्तुस्थिती : गावात चोर शिरला की पहिल्या घरातून आरोळी उठते आणि बाकीची घरं कड्या लावून घेतात. शरीरातही असंच घडतं. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. हीच यंत्रणा पेशींच्या बेसुमार वाढीलाही लगाम घालते, त्यामुळे कॅन्सरच्या अनेक पेशींमध्ये ती मोडकळीला आलेली असते. आरोळी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. निरोगी पेशींनी परतवून लावलेला विषाणू अशा पेशींमध्ये मात्र मनसोक्त वाढतो आणि त्या फुटतात.

विषाणूही पारखून घेतलेला असतो. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हा अमेरिका खंडातला गाई, घोडे आणि डुकरांचा आजार. त्याची लक्षणं आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुतासारखी दिसतात, विषाणू मात्र वेगळा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी या विषाणूतच इंटरफेरॉनचं जनुक बसवलं. म्हणजे तो जिथे जाईल तिथे आरोळीही ठोकतो. निरोगी पेशी ती ऐकून बचावतात, कॅन्सरच्या पेशी सापडतात. दुसरं उदाहरण मिक्झोमा विषाणूचं. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट आवरण्यासाठी १९५० मध्ये तो सोडला गेला होता. सशांसाठी तो जीवघेणा आहे, पण कुत्र्यांना किंवा माणसांना त्याचा आजार होत नाही. कुत्र्यांच्या मऊ ऊतींमधल्या गाठींसाठी त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

गैरसमज २ : विषाणू एकटाच गाठ खाऊन टाकतो.

वस्तुस्थिती : गाठ मोठी असते, विषाणू तिच्या कानाकोपऱ्यात पोहोचत नाही आणि काही दिवसांत शरीर त्यालाच हुसकावून लावतं. त्याचं मोठं काम पुढे सुरू होतं. कॅन्सरची गाठ प्रतिकारशक्तीच्या नजरेआड वाढलेली असते. विषाणूमुळे पेशी फुटतात तेव्हा त्यांच्या आतले घटक बाहेर सांडतात, सूज येते आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. इतके दिवस आपली वाटलेली गाठ त्यांना परकी दिसू लागते.

म्हणूनच आता या विषाणूंमध्ये प्रतिकारशक्तीला चेतवणारी जनुकं घातली जातात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या विद्यापीठांमध्ये मेंदूत ग्लायोमा झालेल्या पाळीव कुत्र्यांवर एम०३२ या विषाणूची चाचणी झाली. हा हर्पिस विषाणूचा दुबळा केलेला प्रकार आहे आणि त्यात इंटरल्युकिन-१२ हे प्रथिन तयार करणारं जनुक आहे.

गैरसमज ३ : हे कालपरवाचं खूळ आहे.

वस्तुस्थिती : १९०४ मध्ये जॉर्ज डॉक या अमेरिकन डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. फ्लूसारख्या तापानंतर तिचा आजार काही काळ ओसरला होता. तेव्हा माणसातल्या फ्लूचा विषाणू कुणी पाहिलाही नव्हता. १९७१ मध्ये युगांडातल्या एका मुलाची नोंद आली. त्याच्या डोळ्यापाशी बर्किट लिम्फोमाची गाठ होती, त्याला गोवर आला आणि गाठ विरत गेली. अशा नोंदींनी दिशा दाखवली. पण निसर्गातला विषाणू बेभरवशाचा असल्यामुळे जनुकं बदलण्याचं तंत्र येईपर्यंत थांबावं लागलं.

माणसांसाठीचा असा उपचार चीनने २००५ मध्ये मान्य केला. २०१५ मध्ये अमेरिकेने मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी टी-व्हेक हा बदललेला हर्पिस विषाणू मान्य केला. तो थेट गाठीत टोचतात. २०२१ मध्ये जपानने मेंदूच्या कॅन्सरसाठी अशाच एका विषाणूला सशर्त मान्यता दिली.

गैरसमज ४ : कुत्र्यांवरच्या चाचण्या म्हणजे पिंजऱ्यातल्या निरोगी प्राण्यांचे हाल.

वस्तुस्थिती : इथे आपण ज्या चाचण्यांबद्दल बोलतो आहोत, त्यांतले कुत्रे घरांमधले असतात. कॅन्सर त्यांना आपोआप झालेला असतो. मालकाची लेखी संमती घेतात आणि संध्याकाळी किंवा काही दिवसांनी कुत्रा घरी परततो.

हाडांच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. ऑस्टिओसार्कोमा माणसांत दुर्मीळ आहे आणि तो मुख्यतः वाढत्या वयातल्या मुलांना गाठतो. ग्रेट डेन, रॉटवायलर यांसारख्या थोराड जातींमध्ये तो कितीतरी जास्त दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजार फार मिळतेजुळते आहेत. मिनेसोटा विद्यापीठ आणि मेयो क्लिनिकच्या चाचणीत अशा कुत्र्यांना आधी शिरेतून विषाणूचा एकच डोस दिला. त्यानंतर नेहमीप्रमाणे पाय काढण्याची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी केली. रूढ उपचारातलं काहीही हिरावून घेतलं नाही. कुत्र्यांनी विषाणू चांगला सोसला आणि त्यातले काही अपेक्षेपेक्षा बरेच जास्त जगले. यातून जे कळतं, त्याचा उपयोग उद्या एखाद्या मुलालाही होऊ शकतो. या कुत्र्यांचे उपकार माणसांनी मानायला हवेत.

गैरसमज ५ : एक इंजेक्शन घेतलं की शस्त्रक्रिया आणि केमो टळतात.

वस्तुस्थिती : अजून तरी तसं नाही. ऑस्टिओसार्कोमात शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही करूनही कुत्र्याला साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं. विषाणू त्या उपचारांच्या जोडीला येतो. बहुतेक चाचण्या मोजक्या कुत्र्यांवर झाल्या आहेत, त्यामुळे पशुवैद्याच्या दवाखान्यात सर्रास मिळणारा हा उपचार नाही. कुणी जादूची कुपी म्हणून पैसे मागत असेल, तर तीन प्रश्न विचारा : विषाणू कोणता, परवानगी कुणाची आणि नेमक्या याच कॅन्सरवर त्याची चाचणी कुठे झाली?

आणखी एक अडचण आहे. विषाणूची आधीची ओळख असेल, तर रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच पकडतात. कुत्र्याचा अ‍ॅडिनोविषाणू आणि डिस्टेंपरचा दुबळा विषाणू हे दोन्ही संशोधनात वापरले गेले आहेत आणि दोन्ही आपल्या नेहमीच्या ‘सेव्हन इन वन’ लसीतही असतात. यावरून लसच टाळावी, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. डिस्टेंपर आणि पार्वो आजही पिल्लांचे जीव घेतात. वाट संशोधकांनी शोधायची आहे, आपण लस चुकवायची नाही.

गैरसमज ६ : उपचार घेतलेला कुत्रा घरात आणला की मुलांना धोका.

वस्तुस्थिती : ही शंका रास्त आहे आणि चाचणी करणारेही ती धरूनच चालतात. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा संसर्ग माणसाला क्वचित होतो आणि तेव्हा फ्लूसारखा ताप येतो. त्यामुळे कुत्र्याची लाळ, लघवी आणि रक्त तपासलं जातं, गरजेप्रमाणे त्याला काही दिवस वेगळं ठेवतात आणि हातमोजे कधी घालायचे तेही मालकाला समजावून सांगतात. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

गैरसमज ७ : रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये पसरणारा कॅन्सर विषाणूमुळेच पसरतो.

वस्तुस्थिती : आपल्या गल्लीबोळांत ज्याला पशुवैद्य टीव्हीटी म्हणतात, तो जननेंद्रियावरचा, फ्लॉवरसारखा दिसणारा, रक्त गळणारा कॅन्सर समागमातून पसरतो. पण त्यात विषाणूचा हात नाही. कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजते. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात जन्मलेल्या पेशींचीच ही वंशावळ असल्याचं २००६ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवून दिलं.

विशेष म्हणजे हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन दिलं की काही आठवड्यांत गाठ विरते. हे औषध मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालं. पण म्हणून झाडाची पानं खाऊ घालू नका, ती विषारी असतात. अशा कुत्र्याला ‘घाण रोग झाला’ म्हणून हाकलू नका. त्याला उपचार मिळवून द्या आणि नसबंदी करून घ्या, म्हणजे पुढचा प्रसारही थांबेल.

आज आपल्या हातात काय आहे?

विषाणूंवरचं संशोधन आपल्या गतीने पुढे जाईल. तोवर कुत्र्याचं आयुष्य ज्याने खरोखर वाढतं, ते साधन प्रत्येक घरात आहे : आपला हात. आठवड्यातून एकदा लाड करताना जबडा, मान, काखा, पोट आणि पायाची हाडं चाचपून बघा. मादीच्या स्तनांच्या दोन्ही ओळींवरून बोटं फिरवा. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये तिथल्या गाठी फार दिसतात आणि लवकर नसबंदी केल्यास तो धोका बराच घटतो. नवी गाठ, न भरणारी जखम किंवा कारण नसताना आलेलं लंगडणं दिसलं, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. सुईची तपासणी काही मिनिटांत होते. लिंबाएवढ्या गाठीपेक्षा वाटाण्याएवढी गाठ काढणं केव्हाही सोपं.

कुत्र्याला ‘इथे दुखतंय’ असं सांगता येत नाही. त्याच्या वतीने पहिली आरोळी आपणच ठोकायची असते.