हिरडीतले रक्त हा इशारा

आमच्या शिरूर अनंतपाळकडे अजूनही कित्येक घरांत दिवस उजाडतो तो मशेरीच्या डबीने. मशेरी लावली की दात घट्ट राहतात, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात होते उलटेच. जिथे तंबाखू लागते तिथली हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

हिरड्यांच्या रोगाचे मुख्य कारण म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर. तो वेळीच निघाला नाही तर त्याचे कठीण कीटण बनते. हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. या टप्प्यावर रोग पूर्ण बरा होतो. पुढे जबड्याचे हाड झिजले, की ते सहसा भरून येत नाही. मधुमेह असणाऱ्यांना धोका अधिक.

कीटण काढल्याने दात खिळखिळे होतात, ही भीती खोटी. ते होतात झिजलेल्या हाडामुळे. म्हणून मऊ ब्रशने दोन वेळा दात घासा, रक्त आले तरी घासणे सोडू नका, दंतवैद्यांना दाखवा. आणि घरातल्या बायकांना मुद्दाम विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.