वातानुकूलन यंत्राची निर्धोक उभारणी
भिंतीवर यंत्र टांगले आणि वायू सोडला की काम फत्ते झाले, ही घरोघरी रूढ असलेली समजूत घातक आहे. कारण हल्लीच्या पुष्कळ यंत्रांतील आर-३२ हा शीतक वायू सौम्य ज्वलनशील असून, तांब्याच्या नळ्यांत हवा वा आर्द्रता राहिल्यास कॉम्प्रेसरवर भलताच ताण येतो. म्हणून जोडणीनंतर कोरड्या नायट्रोजनने गळती तपासावी (प्राणवायूने कदापि नव्हे, कारण तेलाशी त्याचा संयोग स्फोटक ठरतो) आणि मग निर्वात पंपाने नळ्या सुमारे ५०० मायक्रॉन दाबापर्यंत रिकाम्या कराव्यात. थोडा वायू सोडून हवा हुसकण्याची जुनी वहिवाट मुळीच मान्य करू नये. विजेच्या जोडणीला स्वतंत्र एमसीबी व खात्रीचे अर्थिंग हवेच. आणि बाहेरचा भाग बसवणाऱ्या कारागिराला, त्याची कितीही घाई असो, सुरक्षापट्टा बांधल्यावाचून खिडकीबाहेर पाऊल टाकू देऊ नये.