इमानी वार्ताहर

मोटार चालविणारा मनुष्य पायाखालची पट्टी दाबतो आणि मोटार वेग घेते. या पट्टीला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. ती दाबली की इंजिनात थेट अधिक पेट्रोल जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पेट्रोलच्या मोटारीत प्रथम उघडते ती हवेची वाट. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात एका बारीक दांड्यावर धातूची वाटोळी चकती बसविलेली असते. हीच हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल. ती आडवी आली म्हणजे वाट जवळजवळ बंद होते आणि दांड्याबरोबर फिरली म्हणजे वाट मोकळी होते.

हवा आली, की तिच्या मानाने पेट्रोलही पाहिजे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्वी हे मिश्रण कार्ब्युरेटर नावाचे साधन करीत असे. पुढे त्याची जागा पेट्रोलचे तुषार सोडणाऱ्या इंजेक्टरांनी घेतली, आणि तुषार किती सोडावयाचे हे ठरविण्याचे काम एका लहानशा संगणकाकडे आले. हा संगणक बंद डब्यात असतो. त्याला ना झडप दिसते, ना चालकाचे पाऊल. तारांतून येणाऱ्या बातम्यांवरच त्याचा सारा कारभार चालतो. झडप किती उघडली आहे, ही बातमी देणारा वार्ताहर म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर होय.

हा सेन्सर झडपेच्या दांड्याच्या टोकाशी बसविलेला असतो. त्याची रचना रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखी असते. आत एक पट्टी असते आणि तिच्यावरून दांड्याबरोबर एक स्पर्शक सरकतो. सेन्सरला मुख्यतः तीन तारा असतात. एका तारेने संगणक त्यास सुमारे ५ व्होल्ट विद्युतदाब पुरवितो. दुसरी तार प्रवाहास परत जाण्याची वाट देते. तिसरी तार बातमी नेते. झडप बंद असता या तिसऱ्या तारेवर एका व्होल्टापेक्षाही कमी दाब असतो. झडप जसजशी उघडते, तसतसा तो चढत जातो आणि पूर्ण उघडल्यावर चार व्होल्टांच्या वर पोहोचतो.

वर्षानुवर्षे घासून ही पट्टी झिजते. झडपेची सुरुवातीची हालचाल सर्वांत अधिक वेळा होत असल्यामुळे झीजही बहुधा तेथेच अधिक होते. स्पर्शक झिजलेल्या जागी आला, की बातमी क्षणभर तुटते. चालकाने वेग मागितलेला असतो. संगणकास मात्र झडप मिटली असे वाटते. मग मोटार आचके देते, चढावर अडखळते, कधी भर चौकात बंद पडते. मागून वाहने येत असता असे घडले, तर अपघातही ओढवू शकतो.

अशा वेळी नवा सेन्सर घालावा लागतो. परंतु कुशल कारागीर प्रथम तारा तपासतो, कारण सैल जोड किंवा गंजलेले टोक यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. त्यांची परीक्षा न करता भाग बदलला, तर पैसा खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

भाग बदलला म्हणजे काम संपले, असेही नाही. किराणा दुकानातील जुना तराजू आठवावा. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर नसेल, तर त्या तराजूत पासंग आहे असे म्हणतात. तो पासंग काढल्यावाचून केलेले प्रत्येक माप चुकते. सेन्सरचेही तसेच आहे. ‘झडप बंद आहे’ याची खूण त्यास अचूक लावून द्यावी लागते.

अमेरिकेत १९८७ ते १९९० या वर्षांत तयार झालेल्या, ४ लिटर इंजिनाच्या जीप चेरोकी मोटारी याचे चांगले उदाहरण आहेत. साध्या गिअरच्या चेरोकीत झडप बंद असता बातमीच्या तारेवरील दाब पुरविलेल्या दाबाच्या १७ टक्के असावा लागतो. येथे ठराविक आकडा न सांगता प्रमाण सांगितले आहे, यात मोठे शहाणपण आहे. पुरविलेला दाब नेमका ५ व्होल्ट असतोच असे नाही. तो ५ व्होल्ट असेल, तर बातमी ०.८५ व्होल्ट हवी, ४.८ व्होल्ट असेल, तर सुमारे ०.८२ व्होल्ट. म्हणून कारागीर आधी पुरविलेला दाब मोजतो, मग हिशेब करतो.

इंजिन बंद ठेवून, केवळ किल्ली फिरवून तो विद्युतप्रवाह चालू करतो. सेन्सरचे दोन स्क्रू किंचित सैल करतो. मीटरच्या आकड्यावर दृष्टी ठेवून सेन्सर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवितो आणि हिशेबाचा आकडा आला की स्क्रू आवळतो. आवळताना सेन्सर हलण्याचा संभव असतो. म्हणून तो पुन्हा मोजतो. शेवटी झडप हळूहळू पूर्ण उघडून पाहतो. आकडा मध्येच न उडता सारखा चढत गेला, म्हणजे वार्ताहर विश्वासास पात्र ठरला.

ही खूण वर लागली, तर झडप बंद असूनही चालकाचा पाय पट्टीवर आहे असे संगणक समजतो आणि उभ्या मोटारीचे इंजिन नीट सांभाळू शकत नाही.

पुढील काळात ही व्यवस्था बदलत गेली. पुष्कळ मोटारींत सेन्सर हाताने फिरविता येत नाही. झडप मिटल्यावर येणारा दाब संगणक स्वतःच ओळखून ठेवतो. जेथे झडप विजेच्या मोटरने उघडते, तेथे दोन सेन्सर असतात आणि संगणक त्यांच्या साक्षी ताडून पाहतो. दोघांत मेळ नसेल, तर तो इंजिनाची शक्ती मर्यादित करून चालकास इशारा देतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून पेट्रोलच्या बहुतेक नव्या मोटारसायकली व स्कूटर यांतही इंजेक्टर आले आणि त्यांच्याबरोबर हा छोटा वार्ताहरही आला.

संगणक कितीही हुशार असो, त्याचा निर्णय मिळालेल्या बातमीइतकाच खरा असतो. म्हणूनच मूठभर आकाराच्या त्या भागासाठी कारागीर इतका वेळ खर्ची घालतो आणि एकदा मोजलेले पुन्हा मोजून पाहतो.