बाप येरवड्याला गेला. मागं राहिलेल्या पोरांचं काय?

'येरवड्याला गेला' असं आपल्याकडं कुणाबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक तर तुरुंग, नाही तर वेड्यांचं इस्पितळ. तिसरी गोष्टही आता खेड्यापाड्यांत पुष्कळांना ठाऊक झाली आहे, ती म्हणजे मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. त्या वेळी शहरात गर्दनं तरुण पोरं घेरली होती. पुढं दारूचे रुग्णच जास्त येऊ लागले. अनिताताई १९९७ साली गेल्या, पण काम थांबलं नाही. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढं नेलं.

तुमच्या गावातूनही कुणी तरी तिथं जाऊन आला असेल. बायकोनं दागिना मोडला असेल, भावानं गाडी करून दिली असेल, पस्तीस दिवस राहून माणूस परत आला असेल. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पस्तीस दिवसांत त्याची पोरं काय करत होती, हे कुणी विचारलं का?

शाळेत इतर पोरं चिडवतात, 'तुझा बाप येरवड्याला.' घरात विचारलं तर आई म्हणते, कामाला गेलेत. पोराला दोन्ही खोटं वाटतं आणि ते गप्प बसतं. बापाला दारूचा आजार आहे, त्याच्यावर उपाय चाललाय, हे साध्या शब्दांत सांगितलेलं आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. न सांगितलं तर ते स्वतःच अर्थ लावतं. मी वहीला पैसे मागितले म्हणून बाबा चिडले आणि पिऊन आले, असा हिशेब लहान पोरं मनात मांडतात. मोठ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

दारुड्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ साली अल-अनॉन नावाची संघटना उभी राहिली आणि १९५७ पासून तिच्यात किशोरवयीन मुलांचे वेगळे गट सुरू झाले. तिथं मुलांना पहिल्यांदा हेच समजावतात की ही दारू तुझ्यामुळं सुरू झाली नाही, ती तुझ्या हातून आवरणार नाही आणि बरी करणं हेही तुझं काम नाही. मुक्तांगणातही बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे, कारण पिणारा एक असला तरी आजार सगळ्या घराला जडतो, हे तिथं पहिल्यापासून ओळखलं गेलं.

आता गुरुजी-बाईंसाठी थोडं. अशा घरातलं जे पोर मारामारी करतं, शाळा बुडवतं, ते तुमच्या नजरेत येतंच. नजरेत न येणारं पोर वेगळं असतं. अकरा-बारा वर्षांची पोरगी पहाटे उठून भाकरी थापते, धाकट्याला आंघोळ घालते, बाजाराच्या दिवशी बापाच्या खिशातले पैसे काढून लपवते, रात्री त्याच्या पावलांच्या आवाजावरून आज किती झालीय ते ओळखते आणि भांडण पेटण्याआधी धाकट्याला घेऊन शेजारी जाते. सकाळी वेळेवर शाळेत हजर. आपण सगळे तिचं कौतुक करतो, 'पोर लई शहाणी.' अहो, ते शहाणपण नव्हे, ती राखण आहे. तिनं पोरासारखं कधी वागायचं? तिला वर्गाची मॉनिटर करून आणखी एक ओझं देऊ नका. खेळायला सोडा.

अशी पोरं पुढं वाया जातातच, असं मात्र धरून चालू नका. व्यसनाचा धोका काही अंशी रक्तातून येतो हे खरं, पण तेवढ्यानं नशीब ठरत नाही. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सर्व मुलांचा एमी वर्नर या संशोधिकेनं पुढं अनेक वर्षं माग ठेवला. गरिबी, भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा घरांतली सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाची माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी दिसली. घरातलं किंवा बाहेरचं एक तरी भरवशाचं मोठं माणूस त्यांना लाभलं होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. आपल्या गावात अशी माणसं कमी आहेत का? फक्त त्यांनी 'दुसऱ्याच्या घरात कशाला पडा' म्हणणं सोडलं पाहिजे.

सरपंच, पोलीस पाटील, तुम्हालाही सांगायचंय. पोराच्या हातात पैसे देऊन बाटली आणायला धाडणं ही गावोगावची रीत झाली आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७८ प्रमाणं मुलाकरवी दारू विकवणं किंवा वाहून आणवणं याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलम ७७ खाली मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. घरोघरचे बाप आत टाका असं माझं म्हणणं नाही. पण विकणाऱ्याला एकदा बोलावून कलम वाचून दाखवा. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असेल, तिची बैठक घ्या. मारहाण होत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन आहे. तो नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवायला कितीसा खर्च येतो?

शेवटी बाप परत येतो त्या दिवसाबद्दल. सगळ्यांना वाटतं, झालं, सुटलं. तो हुरूपानं पोरांना शिस्त लावू जातो, अभ्यास विचारतो. इतकी वर्षं घर ओढलेलं मोठं पोर त्याचं ऐकत नाही, तोंड फिरवतं. बाप दुखावतो. आईनं दोघांनाही सांगायला हवं की भरवसा परत यायला वेळ लागणार. पोरानं लगेच माफ करावं असा आग्रह नको. आणि घसरण होऊ शकते, हेही पोरांपासून लपवू नका. तसं झालं तर रात्री कुणाच्या घरी जायचं ते आधीच ठरवा. त्या घरच्या माणसाला सांगून ठेवा आणि दार वाजलं तर काही न विचारता उघडायला सांगा.