मक्तेदारीची मुदत

अडलेल्या बाळंतिणीची सुटका करण्यासाठी डॉक्टर दोन वक्र पात्यांचा जो चिमटा वापरतात, तो सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याच्या हाती होता. या घराण्यातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रसूतीचा व्यवसाय केला आणि शंभराहून अधिक वर्षे हे साधन जगापासून लपवून ठेवले. चिमटा बंद पेटीतून आणायचा, खोलीतल्या इतर बायकांना बाहेर घालवायचे, बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, अशी त्यांची रीत सांगितली जाते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची रचना इतर वैद्यांना कळली, तेव्हा कुठे तो सर्रास वापरात आला. घराण्याचे मूळ चिमटे १८१३ साली एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात, लाकडी जमिनीखाली दडवलेले सापडले. मधल्या काळात हे साधन दुसऱ्या वैद्याला ठाऊक नव्हते म्हणून ज्या बायका दगावल्या, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पेटंटव्यवस्थेच्या बाजूने याहून बळकट पुरावा मला माहीत नाही. शोधकाला आपले गुपित उघड करावेसे वाटेल असे काहीतरी समाजाने द्यायलाच हवे.

ते किती द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. राजाच्या मर्जीतल्या लोकांना मीठ, पत्ते अशा रोजच्या वस्तूंचे मक्ते मिळत असल्याने त्रासलेल्या इंग्लंडच्या संसदेने १६२४ साली मक्तेदाऱ्यांवर बंदी घातली आणि नव्या शोधापुरता अपवाद ठेवला, तोही १४ वर्षांचा. उमेदवाराची शिकाऊ वर्षे तेव्हा सात असत, त्याची ही दुप्पट. म्हणजे पेटंट जन्मले ते मक्तेदारीच्या तिटकाऱ्यातून. ठरावीक वर्षांसाठी खंडाने दिलेल्या जमिनीसारखा हा व्यवहार आहे: कसणाऱ्याने पीक घ्यावे, पण जमीन मूळ मालकाकडे, म्हणजे समाजाकडे, परत यावी. आपल्याकडे मात्र बातमी होते ती पेटंट मिळाल्याची. भारताच्या पेटंट कार्यालयाने २०२३-२४ या वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली, याचे कौतुक झाले. माझे म्हणणे असे की, हा आकडा फारसे काही सांगत नाही. यंत्रांपासून औषधांपर्यंत पेटंट घेतलेल्या शोधांचा इतिहास पाहिला, तर ते स्वस्त झाले, सुधारले आणि सामान्यांच्या हाती आले ते बहुतेक वेळा मक्तेदारी सुटताना किंवा सैल होताना. म्हणून पेटंटव्यवस्थेची परीक्षा व्हायला हवी ती या सुटण्याच्या वेळेवर आणि अटींवर.

जेम्स वॉटचेच पाहा. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे वापरण्याच्या त्याच्या कल्पनेला १७६९ साली पेटंट मिळाले आणि १७७५ मध्ये संसदेने खास कायदा करून त्याची मुदत १८०० सालापर्यंत वाढवली. कॉर्नवॉलमधल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींत पाणी उपसायला इंजिने लागत. कोळसा तिथे मिळत नसे, तो वेल्समधून गलबतांनी येई. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी खाणमालकांशी ठरवले, की जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा आम्हाला द्यावा. मागणी अन्यायाची नव्हती, पण पेटंटाचे शब्द इतके ऐसपैस होते, की जोनाथन हॉर्नब्लोअरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनालाही ते आडवे आले आणि न्यायालयानेही वॉटचे पेटंट उचलून धरले. गंमत म्हणजे स्वतः वॉटलाही दुसऱ्याच्या पेटंटाचा फटका बसला. इंजिनाच्या वर-खाली हालचालीतून चाक फिरवण्यासाठी साधा क्रँक पुरेसा होता. पण तो जेम्स पिकार्डच्या १७८० च्या पेटंटात अडकलेला, म्हणून वॉटने एका दात्यांच्या चाकाभोवती दुसरे फिरेल अशी आडवळणाची रचना केली. पिकार्डची मुदत संपल्यावर बोल्टन आणि वॉट यांनीही निमूटपणे क्रँक स्वीकारला.

१८०० नंतर कॉर्नवॉलमध्ये जे घडले, ते या लेखाच्या दृष्टीने मोलाचे आहे. १८११ पासून तिथे ‘लीन्स एंजिन रिपोर्टर’ नावाचे मासिक पत्रक निघू लागले. कोणत्या खाणीत कोणत्या बनावटीचे इंजिन आहे आणि ठरावीक मापाच्या कोळशात ते किती वजनाचे पाणी किती उचलते, याचे आकडे त्यात सर्वांसमोर मांडलेले असत. रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाची रचना कोणालाही वापरता येत होती. आर्थर वुल्फ आणि इतर अभियंते एकमेकांच्या सुधारणांवर आपली सुधारणा रचत होते. पेटंट घेण्याकडे त्यांचा कल कमी होता, कारण नाव आणि पुढचे काम पत्रकातल्या आकड्यांतून मिळत होते. १८११ ते १८४० च्या दशकापर्यंत कॉर्नवॉलच्या इंजिनांची सरासरी कार्यक्षमता सुमारे तिप्पट झाली. यावर एक आक्षेप रास्त आहे: उच्च दाब सोसतील असे बॉयलर बनवण्याइतके लोखंडकाम अठराव्या शतकात तयार नव्हते, तेव्हा उशिराचे सगळे खापर पेटंटावर फोडू नये. खरे आहे. वॉटला स्वतःला तर उच्च दाबाची मनापासून धास्ती होती. तरीही लोखंड जुळून आल्यावर त्याचा फायदा इतक्या झपाट्याने घेता आला, तो ज्ञान मोकळे असल्यामुळेच. दोन्ही कारणे एकत्र लागली.

काही क्षेत्रांत मुदत संपण्याची वाट पाहणे परवडत नाही आणि तिथे पेटंटधारकांनाच एकत्र बसावे लागते. शिवणयंत्रात टोकाशी भोक असलेली सुई एलायस हाउच्या १८४६ च्या पेटंटात, तर इतर भाग सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर यांच्याकडे. प्रत्येक जण दुसऱ्याला कोर्टात खेचत होता. १८५६ मध्ये त्यांनी पेटंटे एकत्र करून प्रत्येक यंत्रामागे ठरावीक शुल्क आकारायचे ठरवले, तेव्हा कारखाने चालू लागले. राइट बंधूंच्या १९०६ च्या पेटंटावरून अमेरिकेत विमानांचे जे खटले झाले, त्यांचा निकाल लागण्याआधीच युरोप पुढे गेला होता, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक मोठ्या प्रमाणात फ्रेंच विमानांतून लढले. १९१७ साली सरकारच्या दबावाखाली तिथल्या विमान कंपन्यांनी पेटंटे एकत्र केली. मागे पडण्याला खटल्यांखेरीज सरकारची अनास्थाही कारणीभूत होती, असे काही अभ्यासक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण युद्धाच्या तोंडावर सरकारला सर्वांत आधी हाच गुंता सोडवावासा वाटला, हेही पुरेसे बोलके आहे.

पेटंटाच्या कडव्या समर्थकाचा सर्वांत भक्कम दाखला झेरॉक्सचा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. चेस्टर कार्लसन हा स्वतः एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणारा माणूस. दस्तऐवजांच्या प्रती हाताने उतरवून किंवा फोटो काढून मिळवण्याचा त्रास त्याने रोज पाहिला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या अॅस्टोरियात त्याने स्थिर विद्युतभार आणि कोरडी भुकटी वापरून पहिली प्रत काढली. १९४२ मध्ये पेटंट मिळाले. वीसेक कंपन्यांनी त्याला नकार दिला. बॅटेल संस्थेने आणि पुढे हॅलॉइड या छोट्या कंपनीने पैसा घातला, आणि ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आले ते सप्टेंबर १९५९ मध्ये. अमेरिकेत तेव्हा पेटंटाची मुदत मिळाल्यापासून १७ वर्षे होती. म्हणजे मूळ पेटंट संपायला अवघे काही आठवडे उरले होते! समर्थक म्हणतील, पाहा, संरक्षण नसते तर एवढी वर्षे पैसा कोणी ओतला असता? मी हे मान्य करतो. हॅलॉइडने जोखीम घेतली ती पेटंटाच्या भरवशावरच. पण मूळ पेटंट संपल्याने काहीही मोकळे झाले नाही, कारण तोवर सुधारणांच्या शेकडो पेटंटांचे कुंपण उभे राहिले होते आणि कंपनी यंत्र बहुतेक भाड्यानेच देत होती. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि १९७५ मध्ये झेरॉक्सला आपली पेटंटे प्रतिस्पर्ध्यांना वापरू देणे भाग पडले. त्यानंतर कॅनन, रिको अशा जपानी कंपन्यांची लहान, स्वस्त, कोपऱ्यात मावणारी यंत्रे आली. महाराष्ट्रातल्या तहसील कचेरीबाहेर किंवा महाविद्यालयाच्या फाटकाशी जी झेरॉक्सची दुकाने उभी राहिली, त्यांत ठेवलेले यंत्र बहुधा याच जपानी कंपन्यांचे असते. शोधाला संरक्षण लागले, हे खरे. पण तो त्या दुकानापर्यंत आला तो संरक्षण सैल केल्यावर. समर्थक गोष्टीचा पूर्वार्ध सांगतात आणि थांबतात.

काळाचे गणित दुसऱ्या बाजूनेही चुकते. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये बारकोडचे पेटंट मिळाले, पण तो वाचायला लागणारे लेसर आणि स्वस्त संगणक तेव्हा नव्हते. पेटंट १९६९ मध्ये संपले. दुकानात पहिली वस्तू बारकोडवर विकली गेली ती जून १९७४ मध्ये, ओहायोतल्या ट्रॉय गावी. कल्पना सुचणाऱ्यांच्या हाती मक्तेदारीतून फारसे काही लागले नाही. याउलट व्होल्वो कंपनीने निल्स बोहलिनचा १९५९ चा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट इतर मोटारकंपन्यांसाठी खुला केला आणि तो जगभरच्या गाड्यांत गेला. एका कंपनीच्या सद्बुद्धीवर कायदा रचता येत नाही, हे मला कबूल आहे. मात्र मुदत संपल्याचा परिणाम तपासायला अलीकडचे स्वच्छ उदाहरण उपलब्ध आहे. वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचून वस्तू घडवण्याचे स्कॉट क्रम्प यांचे पेटंट २००९ मध्ये संपले. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी कोणालाही बनवता येईल अशा प्रिंटरचा प्रकल्प आधीच चालवला होता. मुदत संपताच छोट्या कंपन्या पुढे आल्या, आणि हजारो डॉलरचे यंत्र काही वर्षांत शेकड्यांत मिळू लागले.

पेटंट नसेल तर एकट्यादुकट्या शोधकाला बडे उद्योग गिळून टाकतील, हा आक्षेप उरतो. भावना योग्य आहे, पण पेटंट असूनही हे टळत नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडणारे यंत्र तयार केले आणि त्याची पेटंटे घेतली. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, पुढे सर रतन टाटांनी भांडवल दिले. लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत भिसे झगडले, तरी मोनोटाइप, लायनोटाइप अशा बड्या कंपन्यांनी व्यापलेल्या बाजारात त्यांच्या यंत्राला मोठे स्थान मिळाले नाही. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. पेटंट हा दावा करण्याचा हक्क आहे. दावा चालवायला वकील, पैसा आणि वेळ लागतो. आज भारतात नवउद्योगांना, लहान उद्योगांना आणि शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे, ती चांगलीच. पण शुल्क हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो.

मुदत आणि अटी ठरवण्यात देशाची बुद्धी कशी दिसते, ते आपल्या औषधांत पाहावे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालात दाखवले होते, की भारतातली बहुसंख्य पेटंटे परदेशी कंपन्यांची होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे इथे उत्पादनच होत नव्हते. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले, फक्त बनवण्याच्या पद्धतीला अल्प मुदतीचे दिले. त्यातून भारतीय औषधउद्योग उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे पदार्थावरचे पेटंट २० वर्षांसाठी परत आले, तेव्हा संसदेने काही अटी राखल्या. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून त्यांतल्या एका अटीचा वापर झाला. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या बायरच्या औषधाला महिन्याला २ लाख ८० हजार रुपये लागत. नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना मिळाला आणि बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. औषध शोधायला प्रचंड खर्च येतो, असे केले तर नवे औषध कोण आणील, हा प्रश्न गंभीर आहे आणि मी तो झटकत नाही. पण बायरचा शोधाचा हक्क कोणी काढून घेतला नाही. पुरेसा साठा देशात न आणता आणि परवडणारी किंमत न लावता केवळ कुंपण राखण्याला मनाई झाली.

या निकालात बायरने स्वतः भरून दिलेल्या कागदाचा, ‘फॉर्म २७’चा, मोठा वाटा होता. पेटंटाखाली भारतात किती उत्पादन झाले, किती आयात झाली, याचे निवेदन पेटंटधारकाने त्यात द्यायचे असते. पूर्वी ते दरवर्षी लागे. मार्च २०२४ च्या नियमांनी ते तीन वर्षांतून एकदा केले. एका मोबाइलमध्ये हजारो पेटंटे असतात, प्रत्येकाचा वेगळा हिशेब कसा द्यायचा, अशी उद्योगांची तक्रार होती. पण परस्परसंबंधित पेटंटांचे निवेदन एकत्र देण्याची सोय २०२० मध्येच झाली होती. मोबाइलची अडचण दूर करायला औषधाचीही झडती तीन वर्षांवर ढकलायचे कारण नव्हते. सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो तो पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर. आणि आता त्या दिवशी अर्जदाराच्या हाती पेटंटधारकाचे निवेदन असलेच, तर एखादेच असेल. लाखभर पेटंटे देणाऱ्या कार्यालयाने निदान औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांच्याबाबत हे निवेदन पुन्हा दरवर्षी मागावे आणि ते कोणालाही शोधता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावे.